अंथरुणाची भक्ति

आमच्या सुशिक्षित समाजांत वृद्धांविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे एक ठराविक सूर लागतो. व्याख्यानमाला असो, दिवाळी अंक असो वा लग्नाच्या पंक्तींत शेजारीं बसलेले निवृत्त गृहस्थ असोत. मुलगा परदेशीं गेला, सून नोकरीला जाते, आईबापांना कोणी विचारीत नाहीं, वृद्धाश्रम भरून वाहूं लागले, संस्कृति बुडाली, असा तो सूर आहे. या तक्रारींत तथ्य मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. कृतघ्न मुलें पूर्वींही होतीं आणि आजही आहेत. परंतु त्यांच्याविषयीं आम्हांस या लेखांत कांहींच लिहावयाचें नाहीं. आम्हांस लिहावयाचें आहे तें कर्तव्यदक्ष मुलांविषयीं, प्रेमळ सुनांविषयीं, आणि वृद्ध माणसाला तळहातावरच्या फोडाप्रमाणें जपणाऱ्या घरांविषयीं. कारण आमचें मत असें झालें आहे कीं, आमच्या वर्गांतील वृद्धांचे हाल आज अनास्थेपेक्षां अडाणी आस्थेनें अधिक होत आहेत. हें विधान कित्येकांना कडू लागेल. लागावें म्हणूनच तें केलें आहे.

मराठींत ‘अंथरूण धरणें’ असा एक वाक्प्रचार रूढ आहे. ‘गेल्या पौषापासून अण्णांनीं अंथरूण धरलें’ असें घरचीं माणसें सांगतात, आणि ऐकणारा मान हालवून पुढचें सारें समजून घेतो. या वाक्याचा कर्ता अण्णा आहेत. आमची पहिली तक्रार या व्याकरणाविषयींच आहे. पुष्कळ प्रसंगीं अण्णांनीं अंथरूण धरलेलें नसतें. तें त्यांना घालून दिलेलें असतें, आणि त्यांतून ते उठूं लागले असतां चार प्रेमळ हातांनीं त्यांना पुन्हा निजविलेलें असतें. ‘तुम्ही उठूं नका, काय हवें तें आम्ही देतों’, हा आमच्या घरांतील सेवेचा महामंत्र आहे. शरीराला मात्र तो शिक्षेसारखा भोगावा लागतो.

हें आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाहीं. आमच्याच घरीं हें घडलें. आमच्या आत्याबाई वयाच्या ८१ व्या वर्षीं न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या. हाड मोडलें नव्हतें. चार दिवस दुखेल, पण हिंडूंफिरूं द्या, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें होतें. परंतु घाबरलेलें कुटुंब डॉक्टरांचें तेवढेंच ऐकतें जेवढें त्याला आधींपासून पटलेलें असतें. आत्याबाईंनीं आतां पलंगावरून पाय खालीं ठेवावयाचा नाहीं, असें आम्हीं एकमतानें ठरविलें. चहा पलंगावर, जेवण पलंगावर, देहधर्मही पलंगावर. ज्या बाईनें उभ्या जन्मांत कोणाकडून पाण्याचा तांब्या मागून घेतला नव्हता, ती पहिल्या दिवशीं संकोचली, तिसऱ्या दिवशीं रागावली आणि दहाव्या दिवशीं गप्प झाली. त्या गप्प होण्याला आम्ही समाधान समजलों. तीन आठवड्यांनीं त्यांना उभें करूं गेलों तों पाय लटपटले आणि डोळ्यांपुढें अंधारी आली. ‘पाहा, अजून केवढा अशक्तपणा आहे!’ असें म्हणून आम्हीं त्यांना पुन्हा निजविलें. त्यानंतर त्या चौदा महिने जगल्या. स्वतःच्या पायांवर मात्र पुन्हा उभ्या राहिल्या नाहींत. या चौदा महिन्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं आमच्या सेवेची मनःपूर्वक वाखाणणी केली, आणि ती आम्हीं मनःपूर्वक स्वीकारली.

त्या तीन आठवड्यांत आम्हीं त्यांच्या शरीराचें काय केलें हें समजण्यास आम्हांस पुष्कळ वाचावें लागलें. वाचल्यावर झोंप उडाली. स्नायु ही कांहीं तिजोरींत ठेवलेली ठेव नव्हे; ती रोज मिळवून रोज खाण्याची मजुरी आहे. मांडीच्या ज्या मोठ्या स्नायूंच्या बळावर माणूस खुर्चीवरून उठतो, ते स्नायु उठणें बंद होतांच झिजूं लागतात. शरीर कंजूष आहे. ज्याचा उपयोग नाहीं तें तें पोसत नाहीं. १९६६ सालीं अमेरिकेंतील डॅलस येथें विशीच्या वयाच्या पांच निरोगी तरुणांना सुमारें तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्याचा प्रयोग झाला. परिश्रम करतांना प्राणवायु वापरण्याची जी कमाल शक्ति असते, ती त्यांच्या ठिकाणीं एक चतुर्थांशाहून अधिक घसरली. पुढें तीस वर्षांनीं त्याच पांच जणांना पन्नाशीच्या वयांत पुन्हा तपासलें, तेव्हां दिसून आलें कीं तीस वर्षांच्या काळानें त्यांची जेवढी शक्ति नेली नव्हती तेवढी तीन आठवड्यांच्या अंथरुणानें नेली होती! आणि हे तर विशींतले तरुण. उठल्यावर त्यांनीं गेलेलें बळ परत मिळविलें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन प्रयोगांत साठी उलटलेल्या निरोगी स्त्रीपुरुषांना केवळ दहा दिवस निजवून ठेवलें होतें. तेवढ्यांत त्यांच्या पायांतील मांस सुमारें एक किलोनें उतरलें. ज्याला आधींच ताप आहे, ज्याचें जेवण निम्म्यावर आलें आहे, त्याचें दहा दिवसांत काय होत असेल याचा हिशेब वाचकांनींच करावा.

‘वयच झालें, त्याला कोण काय करणार?’ या आवडत्या उद्गाराची वाटही शास्त्रानें कधींच बंद केलेली आहे. १९९० सालीं बॉस्टन येथील एका शुश्रूषागृहांतील, सरासरी नव्वद वर्षें वयाच्या दुर्बल वृद्धांकडून आठ आठवडे पायांनीं वजनें उचलण्याचा व्यायाम करवून घेण्यांत आला. मांडीच्या स्नायूंचें बळ अडीच पटींहून अधिक वाढलें. नव्वदाव्या वर्षीं! आमच्याकडे नव्वदाव्या वर्षीं माणसानें दाराची कडी स्वतः काढली तरी घरांत हाकाटी होते.

हाडांचाही हाच न्याय. हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणें स्वतःला घडवितें, हा सिद्धांत जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ यानें १८९२ सालीं मांडला. भार नाहींसा झाला कीं हाडांतील चुना रक्तांत उतरून लघवीवाटे निघून जातो. म्हणजे हाड मोडूं नये म्हणून ज्याला निजविलें, त्याचें हाड निजल्यानेंच मोडण्याजोगें होतें. आणि तें उभें राहतांना डोळ्यांपुढें येणें? निजलेला माणूस उभा राहिला कीं त्याचें अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पोटाकडे व पायांकडे उतरतें. मानेंतील व छातींतील मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींत दाब ओळखणारे पहारेकरी असतात. ते तत्काळ वर्दी देतात, हृदय वेग वाढवितें, पायांतील नळ्या आंखडतात, आणि मेंदूचा पुरवठा सांवरला जातो. बरेच दिवस आडवें राहिलेल्याचे हे पहारेकरी सुस्त होतात, रक्तांतलें पाणीही कमी झालेलें असतें. म्हणून अंधारी येते. या अंधारीवरचा उपाय क्रमाक्रमानें उठविणें हा आहे: आधीं बसवावें, पाय खालीं सोडून कांहीं वेळ राहूं द्यावें, पोटऱ्या हालवून घ्याव्या, मग धरून उभें करावें. आम्हीं केलें तें नेमकें उलट. अंधारीच्या कारणालाच आम्हीं अंधारीचें औषध म्हणून पाजलें.

त्वचेविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण या बाबतींत आमच्या घरांत जितकें अज्ञान आहे तितकाच आत्मविश्वास आहे. माकडहाड, खुबे आणि टांचा या ठिकाणीं हाड व बिछाना यांच्यामध्यें मांसाचा थर पातळ असतो. त्वचेला अन्न पोंचविणाऱ्या केसाएवढ्या नळ्यांतील रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारें ३२ मिलिमीटरांपलीकडे जात नाहीं. देहाचें वजन एकाच जागीं पडून राहिलें कीं त्या नळ्या चिरडल्या जातात आणि तेथील मांस उपाशी मरतें. निरोगी माणूस झोंपेंतही कूस बदलतो तो याचसाठीं. त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. ज्याला स्वतः कूस बदलतां येत नाहीं त्याची ती दुसऱ्यानें बदलावी लागते, आणि तीही रात्रंदिवस, घड्याळ पाहून. १९४४ सालीं इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथें लुडविग गुटमन या डॉक्टरानें पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांना दर दोन तासांनीं वळविण्याची शिस्त घालून दिली, आणि ज्यांचें मरण ठरलेलेंच समजत तीं माणसें जगूं लागलीं. आमच्याकडे काय होतें? पाठीला लाली दिसली कीं घरांतील वडीलधारी बाई स्पिरिट चोळते, पावडर थापते, आणि खालीं रबराची हवेची रिंग देते. दाबानें अर्धमेलें झालेलें मांस चोळल्यानें अधिकच फाटतें, आणि रिंगेच्या कडेनें सभोंवतींचा रक्तपुरवठा अधिकच आवळला जातो. बोट दाबून पाहावें. लाली जर दबत नसेल, किंवा सांवळ्या कांतीवर ती जागा गरम, कठीण वा भिजल्यासारखी लागत असेल, तर त्या जागेवर भार पडूं देतां कामा नये. एवढें साधें ज्ञान ज्या घरांत नाहीं तेथें दोन हजार रुपयांची हवेची गादी येते, आणि ती आली म्हणून कूस बदलणेंही बंद होतें.

फुप्फुसांचें व गळ्याचें थोडक्यांत सांगतों. उताण्या माणसाचीं फुप्फुसें पुरतीं फुगत नाहींत, कफ तळाशीं साचतो. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांचें तोंड शेजारीं शेजारीं आहे, आणि गिळतांना श्वासमार्गावर झांकण पडतें म्हणून आपण जगतों. म्हातारपणीं हें झांकण मंदावतें. अशा माणसाला आडवें ठेवून चमच्यानें पेज भरविणारी माउली पेज कोठें पाठवीत आहे हें तिला ठाऊक नसतें. ताठ बसवून, हनुवटी किंचित् खालीं घेऊन, लहान घांस देणें आणि जेवणानंतर अर्धा तास बसतें ठेवणें, याला एक पैसाही पडत नाहीं.

पाण्याचें प्रकरण याहूनही लज्जास्पद आहे. वाढत्या वयांत तहानेची जाणीव बोथट होते आणि मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्तीही उतरते. म्हणजे ज्याला पाण्याची गरज अधिक, त्यालाच तहान कमी लागते. अशा माणसाला आठवणीनें पाणी द्यावें लागतें. आमच्या घरांत देतात का? रात्रीं उठवावें लागेल, चादर भिजेल, रात्रपाळीची बाई कुरकुर करील, म्हणून चार वाजल्यापासूनच पाण्याला हात आंखडता घेतला जातो. पुष्कळदां तर वृद्ध स्वतःच पिणें सोडतात. आपल्या लघवीसाठीं सुनेला उठावें लागतें या लाजेपेक्षां त्यांना तहान परवडते. मग लघवी दाट होते, जळजळते, मलावरोध होतो, रक्तदाब उतरतो, आणि एका संध्याकाळीं आजी भलतेंच बोलूं लागतात. ‘डोक्यावर परिणाम झाला’, असें ठरतें. डोकें ठिकाणावर असतें. तांब्या ठिकाणावर नसतो. पुढें सोय म्हणून डायपर येतें, आणि ज्या माणसाला वेळेवर हात दिला असता तर संडासापर्यंत जातां आलें असतें, त्याला तेथेंच करा, असें सांगितलें जातें. आमच्या प्राचीन वैद्यकाचा अभिमान सांगणाऱ्यांनीं निदान एवढें आठवावें कीं, चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सातव्या अध्यायाचें नांवच ‘न वेगान्धारणीय’ असें आहे; देहाचे वेग अडवूं नयेत, हा त्याचा विषय. अभिमान सभेंत आणि वेगधारण घरांत, अशी आमची वांटणी झालेली आहे.

कोणी म्हणेल, हीं सारीं आजकालचीं पाश्चात्य फॅडें आहेत, उद्यां बदलतील. यांतील मुख्य गोष्ट आजकालची मुळींच नाहीं. १९३५ सालीं लंडनच्या पश्चिमेस आयलवर्थ येथें मार्जोरी वॉरेन नांवाच्या डॉक्टर बाईंच्या हातीं तेथील जुन्या अनाथगृहाच्या रुग्णालयांतील सातशेंहून अधिक खाटा आल्या. त्यांवर वर्षानुवर्षें निजून राहिलेले म्हातारे होते. बरे न होणारे, असा शिक्का त्यांच्यावर पडलेला. बाईंनीं एकेकाला तपासलें, निदान केलें, भिंतींना रंग दिला, उजेड आणला, आणि माणसांना उठवून बसविलें, चालविलें. कित्येक तर घरीं गेले. तिकडे वार्धक्याच्या वैद्यकाचा पाया घातला गेला तो हा. १९४७ सालीं रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरानें अंथरुणावर निजण्याचे धोके या विषयावर ब्रिटिश वैद्यकीय पत्रिकेंत एक लहानसा, खोंचक लेख लिहिला; त्वचेपासून मनापर्यंत एकेका अवयवाचें अंथरूण काय करतें याचा पाढाच त्यानें वाचला आहे. म्हणजे ज्या वर्षीं देश स्वतंत्र झाला त्या वर्षींच ही गोष्ट छापून निघालेली आहे. आमच्या घरांना ती अजून कळावयाची आहे.

आणि ती न कळण्यास आम्हांस सबब नाहीं. शाळेंत हृदयाच्या चार कप्प्यांची आकृति काढून तींत बाण दाखविल्याबद्दल आम्हां सर्वांना गुण मिळालेले आहेत. निळें रक्त कोठून येतें आणि तांबडें कोठें जातें हें आमच्या मुलांना पाठ आहे. परंतु तेंच हृदय शेजारच्या खोलींत आजोबांच्या छातींत आहे, आणि आजोबा अचानक उभे राहिले म्हणजे त्यावर काय प्रसंग येतो, याचा संबंध आमचें शिक्षण लावून देत नाहीं. शरीरशास्त्र परीक्षेसाठीं, आणि शुश्रूषा मायेसाठीं, अशी आम्हीं दोन दालनें केलीं, आणि मधलें दार विटांनीं बुजविलें.

कायद्याचीही तीच तऱ्हा. ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम’ २००७ सालीं झाला. मुलांनीं टाकलेल्या आईबापांना न्यायाधिकरणाकडे जातां येतें, आणि त्या मूळ कायद्याप्रमाणें दरमहा दहा हजार रुपयांच्या मर्यादेंत पोटगी मिळूं शकते. चांगलें झालें. चरितार्थांत अन्न, वस्त्र, निवारा व वैद्यकीय उपचार येतात. रुग्णालयांविषयीं बोलतांना कायदा काय देऊं करतो? शक्य तोंवर खाटा! सरकारलाही वृद्ध म्हटलें कीं पहिल्यानें खाटच आठवते. २०१०-११ पासून केंद्र सरकारचा वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यांत जिल्हा रुग्णालयांतून फिजिओथेरपीची, म्हणजे हालचाल परत मिळवून देण्याच्या उपचाराची, योजना आहे. परंतु २०११ च्या जनगणनेंत साठीवरील माणसें दहा कोटींहून अधिक भरलीं. जिल्ह्याच्या गांवच्या एका खोलीनें हें काम होणार नाहीं. तें घरांतच व्हावें लागेल. आणि घरांत तें कोण करणार, हा खरा प्रश्न आहे.

करतात बायकाच, त्यांतही दोन प्रकारच्या. एक घरची सून किंवा मुलगी, आणि दुसरी ‘ब्यूरो’ची मावशी. सेवेविषयीं भाषण करणारा पुरुष बहुधा तिसऱ्या खोलींत असतो. बारा तासांच्या पाळीला येणाऱ्या त्या मावशीला आम्ही काय विचारून ठेवतों? पगार किती, सुट्ट्या किती, स्वयंपाकघराला हात लावशील का, आणि क्वचित्, जात कोणती. माणसाला पलंगावरून खुर्चीवर कसें घेतात, कूस कशी बदलतात, स्वतःची कंबर न मोडतां कसें उचलतात, हें तिला कोणी शिकविलें आहे का, असें आम्हीं कधींच विचारलें नाहीं. बरें, तिला तें शिकवावें, शिकलेली असेल तर चार पैसे अधिक द्यावे, तर तसेंही नाहीं. ज्या हातांत आपण जन्मदात्रीचें शरीर देतों त्या हातांची मजुरी ठरवितांना आम्ही भाजीवाल्याशीं करावी तशी घासाघीस करतों. रमाबाई रानड्यांनीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन काढून पुढें स्त्रियांना परिचारिकेचें शिक्षण देण्याची व्यवस्था केली, तेव्हां दुसऱ्याचें मलमूत्र काढणें हा कुलीन स्त्रीचा धंदा का, असा नाक मुरडण्याचा प्रकार आमच्याच वर्गानें केला होता. आज आम्ही रमाबाईंच्या तसबिरीला हार घालतों. नाक मात्र त्याच ठिकाणीं मुरडलेलें आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा येईल कीं, उठविलें आणि पडले तर जबाबदार कोण? ही भीति खोटी नाहीं. खुब्याचें हाड मोडलेल्या वृद्धांपैकीं पांचांतला एक तरी वर्षाच्या आंत दगावतो, असा अनेक देशांतील अनुभव आहे. पण पडण्याचीं कारणें कोणतीं? झिजलेले स्नायु, उतरलेला रक्तदाब, रात्रींचा अंधार, ओली फरशी, दुमडलेली सतरंजी, जुन्या नंबरचा चष्मा, आणि झोंपेच्या गोळ्या. यांतील पहिलीं दोन अंथरुणावर वाढतात, आणि बाकीचीं सर्व आमच्या हातांत आहेत. संडासाच्या भिंतीला आडवा दांडा बसविण्यास गवंड्याला एक सकाळ लागते. दिवाणखान्याच्या छतावर नक्षी काढण्यास तो पंधरा दिवस राबतो, तेव्हां आमची तक्रार नसते. शिवाय ज्यांचें खुब्याचें हाड खरोखरच मोडलें, त्यांना सुद्धां शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशीं उभें करावें असा आजचा सर्वमान्य शिरस्ता आहे. मग ज्यांचें हाड धड आहे त्यांना आम्ही कशासाठीं निजवितों?

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. आयुष्यभर कष्ट केले, आतां तरी त्यांना आराम नको का? आराम हवा. तापाच्या भरांत, हृदयविकाराच्या पहिल्या घटकांत, आणि ज्याची अखेर जवळ आली आहे त्या जिवाला अंथरूण हेंच सुख आहे. त्याला ओढून चालविणें हा दुष्टपणा होईल. तेथें कूस बदलावी, ओठ ओले करावे, वेदना शमवावी, आणि जवळ बसावें. आमचा वाद त्या अंथरुणाशीं नाहीं. आमचा वाद त्या अंथरुणाशीं आहे जें जगूं शकणाऱ्या माणसाला सन्मानचिन्ह म्हणून दिलें जातें. स्वतःच्या हातानें चहा ओतून घेणें, देवाचीं फुलें तोडणें, शेंगा सोलणें, दाराशीं जाऊन पेपर उचलणें, हे ज्याला आपण ‘कष्ट’ म्हणतों तेच त्या वयांत शरीराचें अन्न असतें. ते काढून घेतले कीं माणूस घरांत राहतो, पण घरचा राहत नाहीं. आमच्या आत्याबाई गप्प झाल्या त्याचें कारण हेंच असावें, असें आम्हांस आतां वाटतें. आणि ऐकूं येत नाहीं म्हणून ज्याला संभाषणांतून वगळलें जातें त्याचेंही तसेंच होतें. ऐकण्याच्या दोषाकडे दुर्लक्ष करणें हें बुद्धिभ्रंशाच्या टाळतां येण्याजोग्या कारणांपैकीं एक आहे, असें लॅन्सेट पत्रिकेच्या तज्ज्ञमंडळानें २०१७ पासून पुन्हा पुन्हा सांगितलें आहे. आमच्याकडे बहिरेपणा हा अद्याप विनोदाचाच विषय आहे.

तिसरा आक्षेप, माया ही मायाच असावी, तिला शास्त्राचे नियम लावून रुक्ष करूं नये, असा कांहीं हळव्या लेखकांकडून येईल. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. तान्ह्या मुलाच्या बाबतींत ते असें म्हणतील का? मूल कोणत्या महिन्यांत मान धरतें, केव्हां पालथें पडतें, केव्हां वरण-भात द्यावा, कोणती लस कोणत्या आठवड्यांत टोंचावी, हें सारें आमच्या घरांत तारखेवार ठाऊक असतें. तेथें ज्ञानानें माया आटली असें कोणी ऐकलें आहे? मूल पाऊल टाकूं लागलें आणि पडलें तर आपण टाळ्या वाजवून त्याला पुन्हा उठवितों. त्याला पलंगावर बांधून ठेवणाऱ्या आईला जग काय म्हणेल?

हें लिहितांना आम्हांस आमच्याच आळींतील एका घराची आठवण होते. तेथील सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वीं त्यांना मोठें आजारपण झालें. आठवड्याच्या आंत त्यांची सून त्यांना रोज खुर्चीवर बसवूं लागली, पंधरवड्यानंतर वॉकर देऊन ओटीपर्यंत चालवूं लागली, आणि पुढें स्वयंपाकघरांत स्टुलावर बसवून कोथिंबीर निवडावयास देऊं लागली. पाणी हवें तर माठापर्यंत या, असें ती सांगे. आणि स्वतः दोन हातांवर, पडल्या तर धरतां येईल अशी, उभी राहत असे. आळींत कुजबुज सुरू झाली. नोकरी करणारी सून, म्हणून म्हातारीला एवढ्याशा पाण्यासाठीं उठविते. एवढ्या आजारांतून उठलेल्या बाईला कामाला जुंपते. या कुजबुजींत आमच्या घरचाही आवाज होता, आणि तो लहान नव्हता. तेव्हां आमच्या आत्याबाई पलंगावर होत्या आणि आम्ही आळींतील आदर्श कुटुंब होतों.

त्या सूनबाईंची या लेखांतून आम्ही जाहीर क्षमा मागत आहोंत. प्रत्यक्ष मागावयास गेल्या आठवड्यांत त्यांच्या घरीं गेलों होतों. सासूसुना जिन्यावर भेटल्या. सासूबाई कठड्याला धरून तिसऱ्या पायरीवर होत्या, सूनबाई एक पायरी खालीं. आम्हीं बोलण्यास सुरुवात केली तोंच सासूबाईंनीं हातानें आम्हांस बाजूला होण्याची खूण केली. अजून सात पायऱ्या राहिल्या होत्या.